फिश टँकमधल्या तरंगत्या वनस्पती: निवड, रिंग, खत, छाटणी आणि विल्हेवाट

तरंगत्या वनस्पतींबद्दल तक्रारी दोनच, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट. एक: आणल्यापासून दहा दिवसांत सगळं कुजलं. दोन: दोन महिन्यांत टाकीवर अशी चादर पसरली की खाली काही दिसेना. पहिल्या तक्रारीवर बहुतेक जण खत वाढवतात आणि दुसरीवर सगळ्या वनस्पती एकदम काढून टाकतात. दोन्ही उपाय चुकीचे आहेत.

या वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट पानाच्या वरच्या बाजूने घेतात. त्यांची श्वासरंध्रं तिथेच असतात. म्हणून पानाचा माथा कोरडा आणि पाण्याचा पृष्ठभाग शांत, या दोन गोष्टी आधी जमायला हव्यात. खताचा विचार त्यानंतर. हवेतला कार्बन मुबलक असल्यामुळेच त्या वेगाने वाढतात, आणि त्यामुळे छाटणी हा लागवडीचाच एक भाग ठरतो.

खालची मापं २ फूट × १ फूट × १ फूट टाकीसाठी आहेत. अशा टाकीत दगड-वाळू धरून साधारण ५० लिटर पाणी बसतं.

## १. कोणती वनस्पती घ्यायची

साल्व्हिनिया नवख्यांसाठी सर्वांत भरवशाची. लहान पानांची जात मागा. मोठ्या, घडी पडलेल्या पानांची जात छोट्या टाकीत आवरत नाही. तिच्या खाली लोंबणारे केसाळ धागे मुळांसारखे दिसतात, पण ती खरी मुळं नसून रूप बदललेली पानंच असतात. म्हणून ते धागे कात्रीने कापू नका.

फ्रॉगबिट गोल, चकचकीत पानांची, आणि नायट्रेट (माशांच्या मैल्यातून पाण्यात साचणारं नत्र) झपाट्याने शोषणारी. मुळं फूटभर लांब होऊ शकतात, त्यामुळे फूटभर उंचीच्या टाकीत ती तळाला टेकतात. गप्पीची पिल्लं लपण्यासाठी मात्र हिच्यासारखी जागा नाही. वरून पडणारे थेंब हिला अजिबात सोसत नाहीत.

पिस्टिया, म्हणजे दुकानातलं वॉटर लेट्यूस, कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी दिसते. झाकण नसलेल्या टाकीत किंवा गच्चीवरच्या टबात उत्तम. काचेचं झाकण असेल तर तिची पानं काचेला टेकून सडतात.

रेड रूट फ्लोटर दिसायला सुंदर, पण जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात कुरकुरते. घरी बोअरवेलचं पाणी असेल तर सुरुवात हिच्यापासून करू नका.

डकवीड मुद्दाम आणू नका. दोन-चार मिलिमीटरचं एक पान राहिलं तरी सगळं पुन्हा सुरू होतं. घरी गोल्डफिश असतील तर गोष्ट वेगळी: ते डकवीड आवडीने खातात, तेव्हा वेगळ्या टबात वाढवून चारा म्हणून द्या.

अझोला गोठ्याशेजारच्या खड्ड्यात छान वाढते म्हणून अनेक जण मूठभर टाकीत टाकतात. तिच्या पानांत नत्र स्थिर करणारे सूक्ष्मजीव राहतात, त्यामुळे पाण्यातलं नायट्रेट ओढण्याचं काम ती फ्रॉगबिटइतकं करत नाही. शिवाय ती तुकडे होऊन फिल्टरमध्ये अडकते.

> इशारा: नदी-तलावातली जलपर्णी टाकीसाठी उचलून आणू नका. तिला भर ऊन लागतं, दोन फुटी टाकीत ती टिकत नाही, आणि तिच्या मुळांबरोबर सांडपाण्यातली घाण आणि कीटकांची अंडी घरात येतात.

## २. वनस्पती आणण्याआधी टाकी तयार करणं

हा टप्पा वगळला जातो आणि नुकसान इथेच होतं. विकत घेण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या तीन गोष्टी करून ठेवा.

प्रवाह. पूर्ण पृष्ठभाग स्तब्ध करायचा नाही. तसं केलं तर ऑक्सिजन कमी पडतो आणि पाण्यावर तेलकट साय धरते. टाकीचं एक टोक हलतं ठेवा, दुसरं शांत.

- इंटर्नल फिल्टर असेल तर त्याचं तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर घ्या आणि मागच्या काचेकडे वळवा.
- हँग-ऑन फिल्टर असेल तर पाण्याची पातळी त्याच्या ओठापर्यंत वाढवा, म्हणजे पाणी आपटणार नाही, घरंगळेल. तरी जोर वाटला तर ओठावर जाड स्पंजचा तुकडा अडकवा.
- टॉप फिल्टरची धार वरून पडते. धारेखाली स्पंज बसवा, नाहीतर शिंतोडे अर्ध्या टाकीवर उडतात.
- स्पंज फिल्टरचे बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात. नळीवरच्या व्हॉल्व्हने हवा कमी करा आणि फिल्टर एका कोपऱ्यात सरकवा.

तपासणी: शांत ठेवायच्या बाजूला एक कुरमुरा सोडा. दोन मिनिटांत तो वीतभराच्या आत रेंगाळत असेल तर प्रवाह योग्य. तो टाकीभर फिरत असेल किंवा बुडत असेल तर प्रवाह आणखी कमी करा. तपासणी झाली की कुरमुरा काढून घ्या.

झाकण. काचेच्या झाकणाखाली वाफ धरते, तिचे थेंब पानांवर टपटपतात आणि पानाच्या मध्यावर तपकिरी, पारदर्शक डाग पडतो. झाकण मागच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे थेंब मागच्या काचेवरून खाली ओघळतील. एका कडेला २–३ सेंटिमीटरची फट ठेवा. मासे उड्या मारणारे असतील तर फटीवर जाळी लावा. पाण्याची पातळी काठापासून ४–५ सेंटिमीटर खाली असू द्या, नाहीतर पानांना हवा खेळती मिळत नाही. हँग-ऑन फिल्टरसाठी पातळी वाढवावी लागते, तिथे काचेऐवजी जाळीचं झाकण हाच चांगला उपाय.

प्रकाश. तरंगत्या वनस्पती दिव्याच्या सर्वांत जवळ असतात, त्यामुळे दोन फुटी टाकीला १०–१५ वॅटचा साधा एलईडी पुरतो. दिवा पृष्ठभागापासून १५–२० सेंटिमीटर वर ठेवा. रोज ७–८ तास, टायमर लावून. दिवा पाण्याला चिकटून ठेवला तर पानांच्या कडा पांढुरक्या होऊन करपतात, आणि लोक तेच खताची कमतरता समजतात.

## ३. धुणं आणि विलगीकरण

दुकानातून आणलेली पिशवी टाकीत थेट ओतू नका. मुळांच्या जाळीत गोगलगायींची अंडी, हायड्रा नावाचे बारीक जलजीव, डकवीडची पानं आणि चतुर किंवा टाचणीच्या अळ्या असू शकतात. या अळ्या माशांची पिल्लं पकडून खातात. टाचणीच्या अळीला मागे तीन पानांसारखी शेपटं असतात, ती दिसली की लगेच चिमट्याने काढा.

1. पांढऱ्या परातीत किंवा टबात क्लोरिन गेलेलं पाणी घ्या. नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोरिन वापरा. परात पांढरी हवी, गडद परातीत अळ्या दिसत नाहीत.
2. एकेक रोप देठाशी धरून मुळं पाण्यात हलकेच हलवा. पान बुडवू नका. डकवीडचं पान चिकटलेलं दिसलं तर ओल्या ब्रशने काढा.
3. पिवळी, मऊ, पारदर्शक झालेली पानं खुडा. ती पुन्हा हिरवी होत नाहीत.
4. दुसऱ्या भांड्यात लिटरला साधारण ४ ग्रॅम तुरटी विरघळवा आणि त्यावर रोपं तासभर तरंगत ठेवा. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा.
5. उजेडाच्या जागी, पण कडक उन्हात नाही, बादलीत १४ दिवस ठेवा. तुरटीने गोगलगायीची सगळी अंडी मरतीलच असं नाही, म्हणून ही मुदत कमी करू नका. पानाखाली जेलीसारखा ठिपका दिसला तर तो खरवडून काढा आणि मुदत २१ दिवसांवर न्या.

> इशारा: ही बादली डासांसाठी आयतं घर असते. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. बादलीवर बारीक जाळी घट्ट बांधा, आणि दर चार दिवसांनी सगळं पाणी कुंड्यांना ओतून बादली आतून घासून घ्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायची सूचना फ्रिजखालच्या ट्रेइतकीच या बादलीलाही लागू आहे.

## ४. रिंग बनवणं

रिंगशिवाय वनस्पती हळूहळू फिल्टरच्या तोंडाकडे जातात, भिजतात आणि तिथेच सडतात. रिंग दोन प्रकारे वापरता येते: वनस्पती आत ठेवायला, किंवा खाणं टाकण्याची जागा मोकळी ठेवायला. दोन फुटी टाकीत दुसरा प्रकार जास्त उपयोगाचा ठरतो.

साहित्य फार नाही: एअर पंपाची साधी नळी, एक सरळ जोड आणि नळी धरणारे दोन सक्शन कप. २० सेंटिमीटर व्यासाच्या रिंगला ६३ सेंटिमीटर नळी लागते, २५ सेंटिमीटरला ७९.

नळी आतून पूर्ण कोरडी असायला हवी. रिंग तरंगते ती आतल्या हवेमुळेच. नळीची टोकं अर्धा मिनिट गरम पाण्याच्या वाफेवर धरा, मऊ झाली की जोडावर दोन्ही बाजूंनी घट्ट बसवा आणि गार होऊ द्या. मग रिंग वाडग्यातल्या पाण्यात दाबून पाहा. बुडबुडा आला तर जोड सैल आहे, आणि आठवड्याभरात रिंग पाणी पिऊन बुडेल.

रिंग कपात घट्ट आवळू नका. बाष्पीभवनाने पाणी २–३ सेंटिमीटर उतरतं तेव्हा आवळलेली रिंग हवेत लटकते आणि वनस्पती खालून निसटतात. काचेवर दोन कप एकाखाली एक लावा, त्यांत नळीचा एक उभा तुकडा बसवा आणि रिंगला दोऱ्याचा सैल फास घालून त्या तुकड्यावर वर-खाली सरकू द्या.

## ५. टाकीत सोडणं आणि पहिले दोन आठवडे

फिल्टर बंद करा. रोपं एकेक करून शांत बाजूला, पान वर येईल असं सोडा. साल्व्हिनियाच्या पानावरच्या केसांमुळे पाणी टिकत नाही, तरी उलटी पडली तर ती आपोआप सरळ होईलच असं नाही. बोटाने सरळ करा. सुरुवातीला पृष्ठभागाच्या दहाव्या भागाइतकीच वनस्पती पुरे. दोन फुटी टाकीत ते म्हणजे जेमतेम दोन तळहात. मग फिल्टर चालू करा आणि पाच मिनिटं उभं राहून बघा. काही रोपं सुटून प्रवाहात जात असतील तर रिंगची जागा आत्ताच बदला.

पहिल्या आठवड्यात जुनी पानं पिवळी पडणार, काही विरघळणार. नर्सरीतला उजेड आणि पाणी वेगळं असतं. या काळात जुन्या पानांकडे नाही, तर मधून निघणाऱ्या नव्या पानाकडे लक्ष द्या. नवं पान हिरवं आणि कडक असेल तर रोप जगतंय. कुजलेली पानं रोज काढा, नाहीतर ती पाण्यात अमोनिया वाढवतात.

तपासणी, चौदाव्या दिवशी: निम्म्याहून जास्त रोपांना नवं पान आलं आहे का? नसेल तर खताकडे वळण्याआधी पुन्हा कुरमुरा सोडून बघा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

## ६. खत: आधी मोजा, मग घाला

मासे पुरेसे असतील आणि रोज खाणं पडत असेल तर पहिले दोन महिने खत लागतही नाही. माशांचा मैला हेच खत. नायट्रेटची चाचणी करा. २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅम) वर असेल तर काही घालू नका. ५ पीपीएमच्या खाली गेलं आणि पानं फिकट दिसू लागली, तरच पुढे वाचा.

पान काय सांगतं ते असं:

- जुनी पानं सगळीकडून पिवळी, नवी लहान आणि मुळं अवास्तव लांब: नत्र कमी.
- नवी पानं फिकट, जवळजवळ पांढरट पिवळी: लोह कमी.
- जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, कडा तपकिरी: पालाश कमी.
- पानाच्या मध्यावर पाणीदार डाग: ही कमतरता नाही, पान भिजतंय.

नत्र आणि पालाश दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या विद्राव्य १३:००:४५ खतातून मिळतात. ते पोटॅशियम नायट्रेट आहे. ५० लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घातलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएमने आणि पोटॅशियम जवळपास ४ पीपीएमने वाढतं. चमच्याने अंदाज घेऊ नका, दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर, कपभर पाण्यात विरघळवून घाला.

लोहासाठी १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहील असं बांधलेलं) घ्या. २ ग्रॅम पावडर ५०० मिलिलिटर आरओ पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवा. त्यातले १० मिलिलिटर म्हणजे ५० लिटरमध्ये सुमारे ०.१ पीपीएम लोह. ईडीटीए प्रकारचं लोह अल्कधर्मी पाण्यात फार टिकत नाही. म्हणून बोअरच्या पाण्यात हीच मात्रा ५-५ मिलिलिटर करून आठवड्यातून दोनदा द्या, किंवा डीटीपीए प्रकारचं लोह घ्या.

> इशारा: १९:१९:१९ खत टाकीत कधीही घालू नका. त्यात नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो, आणि पाण्याचा पीएच ७.५ च्या वर असेल तर अमोनियाने मासे मरतात. कुंडीतलं शेणखत आणि गांडूळखताचं पाणीही नको. खताच्या पुडीवर मात्रा एकरी छापलेली असते, ती टाकीला लावायचा प्रयत्न करू नका.

## ७. दर आठवड्याची छाटणी

सगळं जुळून आलं की साल्व्हिनिया आणि फ्रॉगबिट आठ-दहा दिवसांत दुप्पट होऊ शकतात. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकलेला, हे लक्ष्य ठेवा. निम्म्यावर कधीच जाऊ देऊ नका.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी छाटणी, मग पाणी बदल, शेवटी खत. उलट केलं तर नुकतं घातलेलं खत बाहेर ओतलं जातं.

1. फिल्टर आणि दिवा बंद करून दहा मिनिटं थांबा. बुडालेले तुकडे वर येतात.
2. काढायच्या रोपांची मुळं टाकीच्या पाण्यातच हळू झटका. श्रिंप आणि पिल्लं मुळांत बसलेली असतात. मग रोपं टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाडग्यात ठेवा आणि पाच मिनिटांनी वाडग्यात कोणी पोहतंय का ते बघा.
3. मोठी, जुनी, मुळांवर मळ साचलेली रोपं काढा. तरुण, छोटी ठेवा. बहुतेकांच्या हातून नेमकं उलटं होतं: मोठी रोपं देखणी म्हणून राहतात आणि छोटी रोपं जाळीत जातात. जुनी रोपं पुढच्या महिन्यात एकदम पिवळी पडतात, आणि तोवर तरुण पिढी उरलेली नसते.
4. फ्रॉगबिटचं पिल्लू आईपासून तोडायचं ते त्याला तीन पानं आणि स्वतःची मुळं आल्यावरच.
5. पिस्टिया आणि फ्रॉगबिटची मुळं फार लांबली तर एका वेळी एक तृतीयांशच कापा.
6. २५–३० टक्के पाणी बदला. नवं पाणी वरून ओतू नका. ताटलीवर किंवा हातावर सोडा, म्हणजे पानं भिजणार नाहीत.

टाकी आधीच पूर्ण झाकली गेली असेल तर एका दिवसात साफ करू नका. खालच्या काचांवर आणि पानांवर अचानक भरपूर उजेड पडतो, नायट्रेट ओढणारं कोणी उरत नाही आणि आठवड्याभरात शेवाळ धरतं. आज एक तृतीयांश काढा, तीन दिवसांनी आणखी एक तृतीयांश, आणि तोवर दिवा दोन तास कमी ठेवा.

डकवीड शिरलंच असेल तर रोज एकदा, फिल्टर बंद करून, बारीक जाळीने काढा. जाळी, हात आणि रिंगची आतली कड प्रत्येक वेळी धुवा. फिल्टरच्या झाकणाखालीही पानं दडलेली असतात. तीन-चार आठवडे सलग केलं तरच ते संपतं, मधे चार दिवस सुटले की पुन्हा पहिल्यापासून.

## ८. मासे, खालची झाडं आणि औषधं

बेटा आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यांना शांत, सावलीचा पृष्ठभाग आवडतो आणि नर तिथे फेसाचं घरटंही बांधतो, पण तळहाताएवढी मोकळी जागा कायम हवी. पहाटे मासे वर येऊन धापा टाकत असतील तर आच्छादन जास्त झालं आहे. ते लगेच कमी करा आणि रात्रभर एअर पंप चालवा.

खाली अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन किंवा मॉस असेल तर सावली त्यांना चालते. रोटाला आणि जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पतींना ती चालत नाही. त्यांच्यावरचा भाग रिंगने मोकळा ठेवा.

माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी मीठ किंवा तांबंयुक्त औषध घालायचं असेल तर तरंगत्या वनस्पती आधी बादलीत काढा. उपचारानंतर पाणी दोनदा बदलल्यावरच परत सोडा.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. पानं विरघळू लागतात आणि ऑक्सिजनही घटतो. तेव्हा आच्छादन एक चतुर्थांशावर आणा आणि टेबल फॅनचा वारा मोकळ्या भागावर तिरपा सोडा, वनस्पतींवर नको. वाऱ्याने पाणी भराभर आटतं, पण क्षार मागेच राहतात. म्हणून पाणी बदलाव्यतिरिक्तची रोजची भर आरओ पाण्याची घाला, नाहीतर पाणी आठवड्यागणिक जड होत जातं.

## ९. काढलेल्या वनस्पतींचं काय करायचं

नाला, विहीर, नदी, तलाव, संडास: यांपैकी कुठेही नाही. साल्व्हिनियाच्या एका तुकड्यापासून पूर्ण थर उभा राहतो. पुण्यातल्या मुळा-मुठा, पवना आणि कोल्हापूरच्या पंचगंगेवर जलपर्णीने काय केलं आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. साल्व्हिनिया आणि पिस्टियाही त्याच ताकदीच्या वनस्पती आहेत.

वर्तमानपत्रावर पातळ पसरून भर उन्हात तीन-चार दिवस वाळवा. पावसाळ्यात गॅलरीत जाळीवर वाळवा, त्याला आठवडा लागतो. हातात घेतल्यावर कुरकुरीत चुरा झाला तरच त्या मेल्या असं समजा. मऊ असतील तर पुन्हा उन्हात. तो चुरा कुंडीत किंवा कंपोस्टच्या ड्रममध्ये टाका. कोणाला रोपं द्यायची असतील तर विलगीकरणाची तीच १४ दिवसांची सूचना बरोबर द्या.

छाटणीच्या वाडग्यातलं आणि जाळी धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. ते कुंडीतल्या मातीवर घाला, म्हणजे त्यातलं डकवीडचं एखादं पान मातीवर वाळून मरेल.